तळमजल्याचं शून्य

आमच्या ऑफिसात एकओळी बसतो त्या कोपऱ्याला स्पिरिटचा वास येतो. सकाळी आल्या आल्या तो खिशातून छोटी बाटली काढतो, कापूस भिजवतो आणि आधी कीबोर्ड, मग माउस, मग टेबलाची कड आणि शेवटी स्वतःची दहाही बोटं नखांच्या खाचांसकट पुसतो. मग तो काळवंडलेला कापूस चिमटीत धरून, मेलेली पाल उचलल्यासारखं तोंड करून, बाहेर पॅसेजमधल्या डब्यात टाकून येतो. आमच्या खोलीतल्या डब्यात नाही. त्या डब्यात आम्ही कचरा टाकतो ना.

गेली नऊ वर्षं मला या माणसाचा वीट आलेला आहे. सतत किळस करणाऱ्या माणसाचीच किळस येऊ शकते, हे मला त्याच्यामुळे कळलं. चहाच्या कपाच्या कडेवर ओठांचा डाग दिसला तर तो कप धुवत नाही, फेकून देतो. कुणी शिंकलं तर खिडकी उघडतो. बेसिनमध्ये भाताची चार शितं दिसली की मागे फिरतो आणि हात धुता आले नाहीत म्हणून उपाशी राहतो. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण याच्या नाकाला सुट्टीच नाही.

एकओळी हे नाव मीच ठेवलं. आम्ही वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करतो. तो प्रोग्राम लिहितो आणि मी ते तपासते. म्हणजे त्याने लिहिलेल्या पानावर बरी-वाईट, उलटसुलट माहिती भरायची, कुठे मोडतं का बघायचं, आणि मोडलं नाही तर 'पास' असा शेरा मारायचा. जे काम दुसरा कुणी बारा ओळींत करेल ते हा एका ओळीत करतो. ती ओळ लिहून झाली की खुर्ची मागे सरकवून दोन मिनिटं तिच्याकडे नुसता बघत बसतो. त्या दोन मिनिटांत तो जवळजवळ देखणा दिसतो, हेही सांगून टाकते.

त्याची लाडकी ओळ म्हणजे फिल्टर. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगायचं तर असं, की वेबसाइटच्या पोटात याद्या असतात. माणसांच्या, वस्तूंच्या, तारखांच्या. फिल्टरला एक यादी द्यायची आणि एक अट द्यायची. तो यादीतल्या एकेकाला अटीसमोर उभं करतो. अट 'हो' म्हणाली तर तो माणूस नव्या यादीत जातो. 'नाही' म्हणाली तर जात नाही. बस्स. जो गेला नाही त्याच्याबद्दल कुणाला काही कळवलं जात नाही. लाल दिवा लागत नाही, चूक दाखवली जात नाही, गाळलेल्यांची कुठे नोंद होत नाही. पडद्यावर दिसते ती नवी यादी, छान, आटोपशीर, आणि बघणाऱ्याला वाटतं जगात एवढीच माणसं आहेत.

"जुन्या यादीला धक्का लागत नाही गं," मी नवी असताना तो मला समजावायचा. "मूळ यादीत सगळे जिथल्या तिथे असतात. आपण कुणाला काढत नाही. फक्त घेत नाही."

हे वाक्य त्या वेळी मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता नाही वाटत.

एकओळीचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरात तीन माणसं आणि तीनच खुर्च्या. कुणी पाहुणा आला तर वडील स्वतः उभे राहायचे, पण चौथी खुर्ची आणायचे नाहीत, कारण ती एरवी रिकामी राहिली असती. जेवताना मुलगा लांबण लावून काही सांगू लागला की वडील म्हणायचे, "पहिले दोन शब्द काढ आणि परत सांग." हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलंय. मुलाने पहिले दोन शब्द काढले, मग चार, आणि पुढे तर बोलायचंच सोडलं. अशा घरातून असा माणूस बाहेर पडला नसता तर नवल.

स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणाची यादीही त्याने अशीच केली. साडेतीनशे नावं होती, त्यातून निवडायची कशी? त्याने अट घातली, 'जो आपल्या घरी निदान एकदा आलेला आहे.' एका ओळीत काम झालं, एकशेबारा माणसं उरली. लग्नाच्या दिवशी सगळे विचारताहेत, आत्या कुठे? सख्खी आत्या. ती बिचारी पंधरा वर्षं कंबरेखाली लुळी पडलेली. ती कधी यांच्या घरी आली नव्हती, कारण दर रविवारी हेच लोक तिच्या घरी जायचे. आत्याने पुढे मरेपर्यंत त्याचं तोंड पाहिलं नाही. मला ही हकिकत त्याच्या बायकोने हसत हसत सांगितली. तो शेजारीच बसला होता. तो एवढंच म्हणाला, "अट बरोबर होती."

हे त्याचं पालुपद. काहीही उलटंपालटं झालं की तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणणार, अट बरोबर आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका सेवासंस्थेचं काम आलं. या संस्थेच्या सिस्टर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या जखमा धुतात, पट्ट्या बदलतात, इंजेक्शनं देतात. पूर्वी सगळा कारभार वहीवर चालायचा. आता सिस्टरच्या फोनवर रोज सकाळी त्या दिवशीच्या घरांची यादी दिसायला हवी होती. मी मुद्दाम या कामावर नाव घातलं, कारण माझा मामा त्याच वहीत होता.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं त्याने घरोघरी टपाल वाटलं. अर्धवट पत्त्याचं पत्र आलं की त्याचे डोळे लकाकायचे. 'निळ्या फाटकाच्या मागे, शिंपीणकाकू' एवढ्या पत्त्यावर त्याने पत्र पोचवलेलं आहे आणि ती गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकलेली आहे. मामी गेली, मग मधुमेहाने पायांतली जाणीव गेली, मग डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली आणि ती भरेना. जिने चढणं डॉक्टरांनी बंद केलं, म्हणून तो तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडून तळमजल्यावर राहायला आला. एकटाच. सोमवारी आणि गुरुवारी सिस्टर येऊन पट्टी बदलायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "जखम स्वच्छ राहिली तर पाय राहील. नाही राहिली तर मला विचारू नका."

आता साहेबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर सगळी घाण एकट्या एकओळीच्या नावावर जाईल. आमचे साहेब मीटिंगमध्ये नखं कापतात. नखं उडतात, टेबलावर पडतात, कुणी काही म्हणत नाही. त्या दिवशीही एक चंद्रकोर माझ्या वहीवर येऊन पडली होती. साहेब म्हणाले, "संस्थेची तक्रार आहे. दोन सिस्टर अर्धा दिवस वणवण फिरल्या. कुणाच्या पत्त्यात इमारत नाही, कुणाचा मजला नाही, कुणाचा दाराचा नंबर नाही. अर्धवट पत्तेवाले गाळून टाका."

"गाळून घेऊ की गाळून टाकू?" मी विचारलं. हा आमचा नेहमीचा विनोद. चहा गाळतो तेव्हा जे खाली येतं ते आपलं आणि वर राहतो तो चोथा. नाव गाळतो तेव्हा मात्र गाळलेलाच गेला. फिल्टर म्हटलं की आमच्यात कुणीतरी हा विनोद करायचंच.

"अर्धवट ते टाका, पूर्ण ते घ्या," साहेब म्हणाले आणि अंगठ्याच्या नखाकडे वळले.

एकओळीने ओळ लिहिली. मराठीत सांगायची तर, 'इमारत आणि मजला आणि दार, तिन्ही असतील त्यांनाच घे.' त्याने खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुरेख होती. एक अक्षर जास्तीचं नव्हतं.

मग ती माझ्याकडे तपासायला आली. मी खोटे रुग्ण तयार केले. एकाला इमारत दिली नाही, तो गळला. एकाला मजला दिला नाही, तोही गळला. एकाचं दार काढलं, गळला. पूर्ण पत्त्याची चार माणसं घातली, पहिला मजला, दुसरा, तिसरा, पाचवा, आणि चौघंही यादीत आली. जेवायची वेळ झाली होती. मी 'पास' मारलं आणि डबा उघडला.

मधली एक गोष्ट राहिली. त्याच्या आधीच्या आठवड्यात संस्थेच्या कारकूनबाईंचा फोन आला होता. त्या जुनी वही कॉम्प्युटरवर उतरवत होत्या. म्हणाल्या, "अहो मॅडम, वहीत बऱ्याच जणांच्या मजल्यापुढे नुसतं 'तळ' लिहिलंय. तुमचा हा चौकोन अक्षर घेतच नाही, आकडाच मागतो. काय घालू?"

माझ्या तोंडात घास होता. मी म्हणाले, "शून्य घाला."

ज्या भाषेत आम्ही हे प्रोग्राम लिहितो तिच्यात एक खोड आहे. 'मजला आहे का?' असं नुसतं विचारलं तर रिकामी जागाही 'नाही' म्हणते आणि शून्यही 'नाही' म्हणतं. तिच्या लेखी शून्य म्हणजे नसलेलं. वहीतलं 'तळ' तसंच्या तसं राहिलं असतं तर ते दोन अक्षरांचं का होईना, काहीतरी होतं. अट 'हो' म्हणाली असती. मी त्याचं शून्य केलं, एकओळीने ते शून्य गाळलं, आणि मी ते पास केलं. नवीन यादी सोमवारपासून सुरू झाली. त्यात तळमजल्यावरचं एकही माणूस नव्हतं. आणि तळमजल्यावर कोण राहतं? ज्यांना जिना चढवत नाही ते.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी मामाकडे गेले. दार उघडताच वास आला. गोडसर, कुजका. मामाच्या खिडकीखालून उघडं गटार जातं, म्हणून मी नाक मुरडून खिडकी लावून घेतली.

"काय रे हे मामा, महापालिकेला कळवत का नाहीस?"

"कळवलंय गं," तो म्हणाला. त्याला वास येत नव्हता. सवय झाली असेल. सिस्टर येते का, विचारलं तर म्हणाला, "हल्ली नाही येत. मी फोन केला होता. म्हणाले, तुमचं नाव यादीत नाही, म्हणजे तुमची पट्टी बंद झाली असणार. बरं झालं म्हटलं. कॉम्प्युटरला दिसलं असेल जखम भरली ते."

मी हे ऐकलं. मी, जिचा धंदाच हा आहे, तिने हे ऐकलं आणि म्हणाले, "अरे वा!" आणि पुढच्या विषयावर गेले. पाय बघितला नाही. मोजा घातलेला होता. खरं सांगते, मला तो पाय बघायचाच नव्हता. मी एकओळीला हसते, पण मामाची जखम उघडी बघायची माझी कधी छाती झाली नाही. सिस्टर पट्टी सोडू लागली की मी स्वयंपाकघरात जायची. चहा गाळायला.

तिसऱ्या रविवारी गटार स्वच्छ होतं, नुकतंच कुणीतरी साफ करून गेलं होतं, आणि वास मात्र दुप्पट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मोजा ओढला. तो सहज निघेना, आतून चिकटलेला होता. करंगळी काळी होती. शेजारची दोन बोटंही काळी होती आणि मधून जे वाहत होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. मामा वाकून बघत म्हणाला, "अगं, दुखत तर नाहीये." दुखत नव्हतं हेच तर दुखणं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले आणि मग गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडले. बोटं तर जाणारच होती. घोट्यापर्यंत विष चढलं असलं तर गुडघ्याखाली कापावं लागेल, आणि ते दोन दिवसांत कळेल.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले ती थेट स्पिरिटच्या कोपऱ्यात. तो कीबोर्ड पुसत होता.

"यादी उघड. माझ्या मामाचं नाव शोध."

त्याने मूळ यादी उघडली. मामा होता, नाव, इमारत, मजला, दार, सगळं जिथल्या तिथे. मग नवी यादी उघडली. मामा नव्हता. एकओळीने मामाच्या पत्त्यावर बोट ठेवलं, शून्यावर, आणि एका क्षणात त्याला कळलं.

"शून्य गळतंच गं अशा अटीत," तो म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत असतं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तळमजल्याला कुणी शून्य घालेल असं... अट बरोबर होती."

माझा तोल गेला. मी त्याची स्पिरिटची बाटली उचलून फेकली. ती पॅसेजपर्यंत गेली. सगळं ऑफिस उभं राहिलं. मी म्हणाले, "तुझी अट चाट! माझ्या मामाचा पाय कुजलाय. कुजलाय, कळतंय? तुझ्या त्या चकचकीत ओळीला वास येतो का बघ." आणखीही पुष्कळ बोलले. काय बोलले ते आठवतं, पण लिहिण्यासारखं नाही. एक गोष्ट मात्र बोलले नाही. शून्य घाला, असं कुणी सांगितलं होतं ते.

साहेब आले. ऐकून घेतलं. म्हणाले, "ओळ आत्ता बदला. आजच्या आज. आणि हे इथेच संपवा. आजपासून ते लोक यादीत येतील, संस्थेला काही कळायचं कारण नाही." आणि मग मला, मऊ आवाजात, "मामांना माझ्या शुभेच्छा सांगा." खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची नखं ताजी कापलेली होती.

एकओळी पडद्याकडे वळला. त्याने ओळ बदलली. 'मजला असेल तर' ऐवजी 'मजल्याची जागा रिकामी नसेल तर'. थोडी लांब झाली. मग त्याने जुनी अट पुन्हा लिहिली, तिच्या आधी नकाराची एक खूण टाकली आणि मूळ यादीवर चालवली. म्हणजे अट ज्यांना 'नाही' म्हणाली होती त्या सगळ्यांनी पुढे या. अर्धवट पत्तेवाले बाजूला काढून उरली अडतीस. अडतीस तळमजले. त्याने ती यादी छापली, घडी घालून खिशात ठेवली आणि जिन्यात गेला.

मी मागे गेले. वाटलं, पळतोय. तो पायरीवर बसला होता, ज्या पायऱ्यांवर लोक थुंकतात त्यातल्याच एका पायरीवर, रुमालही न अंथरता, आणि फोन करत होता. पहिल्या नावापासून. स्वतःचं नाव सांगायचा, मग म्हणायचा, "तुमच्याकडे तीन आठवडे सिस्टर आली नाही ती आमच्या चुकीमुळे. जखम कशी आहे? आज दाखवून घ्या. आज." बोलायला शब्द सापडत नव्हते त्याला, एवढ्या वर्षांत काढूनच टाकलेले ना. कुणी शिव्या दिल्या. कुणी आशीर्वाद दिले, ते त्याला जास्त लागलेले दिसले. एका घरी मुलीने फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि न बोलता ठेवून दिला. तो त्या नावापाशी बराच वेळ थांबला. जेवायची वेळ गेली, चहाची गेली. साहेबांनी वरून दोनदा हाक मारली, तो गेला नाही. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमारास त्याने संस्थेलाही फोन करून सगळं सांगितलं. साहेबांनी त्याला काढून का टाकलं नाही, हे विचाराल तर त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

मामाचा पाय वाचला. पाची बोटं गेली, पावलाच्या पुढच्या भागासकट. डॉक्टर म्हणाले, सुटलात. माझा जीव भांड्यात पडला, आणि बोटं गेल्यावर जीव भांड्यात पडतो याचीही मग लाज वाटली. मामाला मी एवढंच सांगितलं होतं, की कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड झाली होती. 'काहीतरी' हा शब्द फार सोयीचा आहे.

तो घरी आल्यावर एकओळी म्हणाला, "मी येऊ भेटायला?" मी नको म्हणणार होते. मग वाटलं, येऊ दे. येऊ दे आणि बघू दे. वास घेऊ दे. माझ्या मनात एवढं वाईट होतं, ते लपवत नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही गेलो. सिस्टर आलेलीच होती, पट्टी सोडायच्या तयारीत. एकओळी दारात अडखळला. खोलीत औषधाचा, घामाचा, जुन्या गादीचा वास होता. मामाने बसायला म्हणून स्टूल पुढे केलं, त्यावर चहाचं वाळलेलं वर्तुळ होतं. तो बसला. सिस्टरने पट्टी सोडली. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराकडे वळले, आणि एकओळी तिथेच बसलाय, पायाकडे बघतोय, हे पाहून परत फिरले. आम्ही दोघांनी बघितलं. पाऊल अर्ध्यावर संपत होतं. पुढे टाक्यांची रांग.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने तो वळवला नाही. म्हणाला, "मामा, तुमचं नाव ज्या ओळीमुळे गळलं ती ओळ मी लिहिली होती."

मामाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पत्ता अर्धवट होता माझा?"

"नाही. पूर्ण होता."

"मग?"

"मजला शून्य होता."

मामा जरा विचारात पडला. "अरे, पण शून्य मजल्यावर तर मी बसलोय," तो म्हणाला. रागावला नव्हता, त्याला खरोखरच समजत नव्हतं. एकओळी ते समजावून सांगू लागला, भाषेची खोड, अट, सगळं. बाराच्या वर वाक्यं झाली असतील.

सिस्टर जखम धुऊन, नवी पट्टी बांधून फोनवर नोंद करायला लागली. "लालसरपणा नाही. पू नाही. डाव्या पायाची उरलेली बोटं..." तिने आकडा दाबला. फोन किणकिणला. तिने पुन्हा दाबला, पुन्हा किणकिणला.

"घेत नाहीये," ती वैतागून म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला. उरलेल्या बोटांच्या चौकोनात शून्य होतं आणि खाली लाल अक्षरांत आलं होतं, 'ही जागा रिकामी आहे. माहिती भरा.' "मॅडम, तुम्ही यातल्या ना? काय घालू?"

बाहेर गटारातून पाणी जात होतं.

"रिकामी कशी?" मामा म्हणाला. "चांगली मोजून शून्य आहेत." मग एकओळीकडे वळून त्याने विचारलं, "हेही तूच लिहिलंस?"

"हो."

"आणि बरोबर आहे का नाही ते बघणारं कुणी नसतं तुमच्यात?"

एकओळीने मान खाली घातली आणि आपल्या दहा बोटांकडे बघत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्याने नुसती नजर उचलली असती तरी मामाला कळलं असतं.

"मी असते मामा," मी म्हणाले. "तपासलं मी होतं. आणि तुझ्या पत्त्यात शून्य घाला म्हणून सांगितलं, तेही मीच."

मामा माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात फोनचा आवाज आला, काम झाल्याचा. सिस्टर पिशवी आवरायला लागली होती.

"झालं हो," ती म्हणाली. "एक घातलं. एक घातलं की घेतं."